आशाताई आल्या, मग गावच्या दाईचं काय झालं?

वैनगंगाकाठची
नमस्कार मंडळी. आशांच्या (म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या) संपाच्या धाग्यावर मी दाईंबद्दल लिहिलं, तर तिथे ते अवांतर झालं. म्हणून वेगळा धागा काढते.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात. आता घरी बाळंतपण जवळपास होतच नाही. कळा सुरू झाल्या की आशाताई फोन लावते, १०२ ची गाडी येते, बाई दवाखान्यात. चांगलंच आहे, त्यावर वाद नाही. पण गावात एक दाई आहे, सत्तरी उलटलेली, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिला कधीकाळी सरकारनंच बोलावून प्रशिक्षण दिलं. पेटी दिली, त्यात साबण, ब्लेड, दोरा, प्लास्टिकचा कागद. पाच स्वच्छता पाठ करून घेतल्या: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. अजून झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवते. मग २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आली, जननी सुरक्षा योजना आली. दाईला कोणी येऊन एवढंही सांगितलं नाही की बाई, आता तुझं काम नाही. पेटीतलं सामान यायचं बंद झालं, त्यावरून तिनं काय ते समजून घेतलं.

दाईनं एकटीनं बाळंतपण करू नये हे मला मान्य आहे. पण आधीचे नऊ महिने आणि नंतरचा सव्वा महिना? बाळंतिणीला शेक, बाळाचं मालीश, दूध उतरत नसेल तर काय करायचं, पहिलटकरणीची भीती घालवणं, हे सगळं ती आजही करते, फुकट. डॉक्टरला पगार, नर्सला पगार, आशेला मोबदला, गाडीच्या ड्रायव्हरलाही पगार. मग या साखळीत दाईला रीतसर जागा का नसावी? तुमच्या भागात काय चाललंय ते सांगा.

संत्रानगरी
वाचतोय. मी दाईच्या हातचा, धाकटा दवाखान्यातला. तो इंजिनिअर झाला, मी इथे धागे वाचतो. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा.

डॉ. पळसफूल
मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, म्हणून थोडं कडू लिहितो.

दाईच्या हातावर जगलेली माणसं सगळ्यांना दिसतात, कारण ती इथे बसून प्रतिसाद देतायत. ज्या बायका गेल्या त्यांचा आयडी नसतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि थांबला नाही, तर हातात साधारण दोन तास असतात. त्यात गाडी, रस्ता, नाला, रक्त सगळं बसवायचं. वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) पडली नाही तर बाईचीच वेणी तिच्या तोंडात कोंबून उमासे काढायला लावायचे, हा उपाय दाईंनीच मला सांगितला आहे. उमाशानं पोटात जोर येतो आणि कधी कधी वार पडतेही. पण नाही पडली तर?

आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलची बाई बाळंत होताना रक्ताची सोय आधी लागते. पोटावर हात ठेवून सिकलसेल कळत नाही, त्याला रक्ताची तपासणीच हवी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली दवाखान्यातली बाळंतपणं तिसऱ्या फेरीत ६४.६ टक्के होती, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ९४.७ टक्के झाली. २०१८-२० चा माता मृत्यूचा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ आला, देशात केरळनंतर आपलाच. हे आपोआप झालेलं नाही. त्यामुळे 'जुनं ते सोनं' सुरू झालं की माझा रक्तदाब चढतो.

माजघर
डॉक्टरसाहेब, तुमचे आकडे बरोबर आहेत. आता बाईच्या बाजूचंही ऐका. माझ्या वहिनीचं बाळंतपण एका सरकारी दवाखान्यात झालं. ती ओरडली तेव्हा तिला जे ऐकवलं गेलं ते इथे लिहिलं तर ॲडमिन माझा आयडी बंद करतील. रात्रभर एकटी होती, सासूला आत सोडलं नाही. केंद्र सरकारच्या, प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात (२०१७ पासून) लिहिलेलं आहे की बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत तिचं माणूस असू द्या. कागद भिंतीवर होता, सासू बाहेर बाकावर.

खाजगीत गेलं तर पोट फाडल्याशिवाय सोडत नाहीत. त्याच सर्वेक्षणात राज्यातली सिझेरियन २५ टक्क्यांच्या वर आहेत. दाई निदान पाठ चोळायची आणि 'होते माय, होते' म्हणायची.

बे_एके_बे
आमच्या गावच्या दाईनं मले पायाकडून काढलं. म्हणून मी पायाळू. लहानपणी ज्याच्या त्याच्या पाठीत उसण भरली की लोक मले बलवायचे, 'ये रे बाबू, एक लाथ मार'. मास्तरलेही मारली हाये. गावात एवढा मान आजपर्यंत दुसऱ्या कोणत्या कामात भेटला नाही.

संत्रानगरी
@बे_एके_बे, मास्तरांची उसण गेली का?

बे_एके_बे
उसण गेली. बदली मागून मास्तरही गेले.

डॉ. पळसफूल
हसलो. पण पायाळू मूल दाईच्या हातून सुखरूप निघणं ही लॉटरी आहे. धड बाहेर आणि डोकं अडकलेलं, हे एकदा पाहिलं की माणूस हसत नाही.

कोरकू_पट्टा
मी धारणीकडे शिक्षक आहे. मेळघाटात चित्र जरा वेगळं. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेत आमच्याकडे दाई बैठक होते. दाया आरोग्य केंद्रात येतात, कुठे कोण गरोदर आहे ते सांगतात, मानधन घेतात. म्हणजे 'रीतसर जागा' कागदावर आहे. बैठकीत काय होतं ते नर्सवर अवलंबून. एखादी नर्स दायांना खुर्ची देते, चहा पाजते, विचारते. एखादी अंगठे घेते आणि पाठवते.

माहेरघराची गोष्टही अशीच. दिवस भरत आलेल्या बाईने केंद्राजवळ येऊन राहावं, तिला आणि सोबतीला जेवण मिळावं, ही कल्पना उत्तम. पण घरी दोन पोरं, शेळ्या, कापणी. 'मी येऊन तिथे बसू, आणि घर कोण पाहील?' याला उत्तर नाही. जिथे दाई सोबत म्हणून येते, तिथे बाया तयार होतात. नुसत्या नोटिशीवर येत नाहीत.

अजून एक. बाळाचं पोट फुगलं की भूमकाकडे (गावच्या मांत्रिक-वैदूकडे) नेऊन चटके देणं आजही अधूनमधून घडतं. आमच्या पाड्यावरची दाई या प्रकाराच्या ठाम विरोधात आहे. तिनं एका आजीच्या हातातून तापलेला विळा काढून घेतलेला मी स्वतः पाहिलाय. आजी तिच्यावर खवळली, दाईनं विळा पाण्यात बुडवला, चर्र आवाज झाला आणि ती शांतपणे म्हणाली, 'आता चालवा गवतावर.' मी किंवा नर्सने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं दार आम्हाला बंद.

जुनी_फाइल
आरोग्य चळवळीत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. वैनगंगाताईंच्या मुद्द्याला थोडा इतिहास जोडतो, कारण उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच जिल्ह्यात आहे.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. राणीताईंचा १९८९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास दोन गावांतल्या बायकांचा. त्यात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. तोवर सरकारी खात्याला गावातली बाई दिसायची ती एक तर गरोदर, नाही तर नसबंदीच्या ऑपरेशनला आणायची. अंगावरून पांढरं जातं, पाळीत पोट दुखतं, हे बायका सांगायच्या ते दाईला. पुरुष डॉक्टरला कोण सांगणार?

पुढे बालकांच्या न्यूमोनियाचं काम आलं. दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे आणि बाळाचे श्वास तर मोजायचे होते. मग एक साधं यंत्र निघालं: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाची ओळ वेगळी, थोड्या मोठ्याची वेगळी, कारण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्याला पन्नास ही धोक्याची रेघ. वाळू संपायच्या आत मणी संपले की औषध सुरू. अंगठा उठवणारी बाई न्यूमोनिया ओळखू लागली.

नंतर ९५ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी. ३९ गावं. तिथली वाटणी लक्षात घ्या: बाळंतपणाच्या वेळी दाई आईकडे पाहणार आणि शिकलेली आरोग्यदूत बाळाकडे. श्वास अडकला तर काय करायचं, वजन, ऊब, जंतुसंसर्गाला औषध, सगळं आरोग्यदूतीकडे. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये आलं. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते ती पद्धत इथूनच गेली. फक्त जाताना वाटणीतली आरोग्यदूत गेली, दाई मागे राहिली.

कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी'नेही दाया आणि वैदूंना सोबत घेऊन काम केलं. म्हणजे दाईला बाजूला सारणं अटळ होतं असं कोणी म्हणू नये.

आमची_आशा
इतके दिवस नुस्तं वाचत होतो. आज लिहितो, कारण मी आशा आहे आणि माझी सासू दाई.

पहिले एक गोष्ट. आम्हाले पगार नाही, हे वैनगंगाताईनं बरोबर लिहिलं, मोबदलाच हाये. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ अन् ४२व्या दिवशी जायचं, त्याचे २५० रुपये. सहा चकरांचे मिळून, एका चकरीचे नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सत्कार केला. दीड-दोन वर्षांनी आम्ही मुंबईत मैदानात बसून होतो. तवा दाईच्या ताटातला घास आम्ही घेतला असं वाटत असंल तर ताट आधी पाहून घ्या.

भांडण झालं नाही असंही नाही. सुरुवातीले दाईनं बाई आणली तरी कागदावर नाव आशेचं, पैसा आशेले. सासू दोन महिने माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक दोघींचा एकाच चुलीवर, पण बोलणं नवऱ्याच्या मार्फत. 'तिले सांग मीठ कमी हाये.'

आता आम्ही दोघी मिळून जातो. पोटावर हात ठेवून ती सांगते, डोकं कोणत्या बाजूले हाये. मी बीपी, वजन अन् कार्ड पाहतो. तिनं 'हे मले बरोबर वाटून नाही राहिलं' म्हटलं की मी सोनोग्राफीचा आग्रह धरतो. दरवेळी तिचं खरं निघते असं नाही. पण घरचे लोक माझं नाही ऐकत, तिचं ऐकतात. पावसाळ्यात नाल्याले पूर, गाडी पलीकडे थांबलेली, अन् बाई अलीकडे कळा देऊन राहिली, अशा रात्री मले एकटीले उभं राहायची हिंमत नाही. सासू असली की हाये.

पुणेरी_पडवी
अज्ञान माफ. १०२ आणि १०८ मध्ये फरक काय?

आमची_आशा
१०२ गरोदर माय अन् बाळासाठी, नेते अन् परतही आणते, पैसा नाही. १०८ अपघात, हार्ट अटॅक, कोणतीही तातडी. दोन्ही नाही आल्या तर सरपंचाची बोलेरो.

निळी_पहाट
सगळं वाचलं. एका गोष्टीवर सगळे गप्प आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

माझी आजी दाई होती. कुठल्या वस्तीतली, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मध्यरात्री बोलावणं यायचं ते मागच्या दारानं. नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताचे कपडे धुणं ही विटाळाची कामं म्हणूनच तिच्या वाट्याला होती, ज्ञान आहे म्हणून नव्हे. मिळायचं काय? एक लुगडं, पायलीभर ज्वारी, नारळ. मुलगा झाला तर लुगडं बरं, मुलगी झाली तर जुनं. बारशाला तिला पंगतीत बसवलं नाही, वाढून दिलं, अंगणात. ज्या बाळाला तिनं पहिल्यांदा हात लावला, त्याच घरच्या पाण्याच्या भांड्याला तिनं हात लावायचा नाही.

माझ्या आईनं हे काम शिकायला साफ नकार दिला. नर्सिंगला गेली. आजी रडली नाही, उलट पेढे वाटले. त्यामुळे दाईची परंपरा टिकवा, तिचा सन्मान करा वगैरे वाचलं की मला प्रश्न पडतो, टिकवायचं नक्की काय आहे? आणि त्यासाठी आपापली लेक पाठवायला इथलं कोण तयार आहे?

संत्रानगरी
+१. यावर विनोद नाही.

भाऊराव_भंडारेकर
प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का? आमच्या गावात दाईला सगळे 'माय' म्हणत.

माजघर
@भाऊराव, माय म्हणत होते आणि अंगणात वाढत होते. दोन्ही खरं असू शकतं.

व्यवस्थापक
धागा विषयाला धरून चालू द्या. निळी_पहाट यांचा प्रतिसाद विषयालाच धरून आहे.

वैनगंगाकाठची
@निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद वाचून माझा प्रश्न मला अधिक नेमका मांडता येतोय. पुढच्या पिढीनं दाई व्हावं असं मी म्हणत नाही. सुईणपण नीट शिकायचं असेल तर नर्सिंग आहेच. २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सना वेगळं प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणं त्यांच्या हाती द्यायची म्हणून. उत्तम. मी बोलतेय ते आज हयात असलेल्या, पाच-दहा वर्षांत संपणाऱ्या बायकांबद्दल. त्यांच्याकडून सरकारनं आधी काम करून घेतलं, गावानं तर पिढ्यान् पिढ्या घेतलं, ज्वारीवर. त्याची काही परतफेड लागते की नाही? आणि त्या काय जाणतात ते कोणी लिहून घेतलं आहे का?

डॉ. पळसफूल
लिहून घ्यायचंच असेल तर काय घ्यायचं ते सांगतो. पहिल्या प्रतिसादात मी एकच बाजू मांडली, दुसरी मांडणं भाग आहे.

आमच्या केंद्राच्या हद्दीतली एक दाई वार पडली की ती सुपात पसरायची. दिव्याजवळ नेऊन एकेक फाक बोटानं चाचपायची, कडेनं फाटलेली आहे का बघायची. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं, सूप सोडून. तसंच नाळ. वार पडेपर्यंत जुन्या दाया नाळ कापत नसत. आम्ही बाळ बाहेर आलं की लगेच कापायचो, आता जागतिक आरोग्य संघटना सांगते निदान एक मिनिट थांबा, बाळाला रक्त जास्त मिळतं. उकिडवं बसून, छताच्या दोराला धरून कळा द्यायची पद्धतही वेडगळ नव्हती. टेबलावर उताणं झोपवणं ही आमची सोय आहे, बाईची नव्हे.

आता जे अजिबात जपायचं नाही ते. नाळेवर शेण किंवा राख. पहिलं चिकाचं दूध पिळून फेकणं. बाळ रडलं नाही की वार निखाऱ्यावर शेकत बसणं, त्यात बाळाची मोलाची मिनिटं जातात. आणि गावोगाव सुई मारत फिरणाऱ्या झोलाछापाला बोलावून कळांचं इंजेक्शन देणं. हे शेवटचं तर परंपरेतलंही नाही, बाजारातलं आहे, आणि गर्भाशय फाटण्याच्या ज्या केसेस आमच्यापर्यंत आल्या त्यांत ते होतंच. चांगली दाई त्या सुईवाल्याला दारात उभं करत नाही.

बे_एके_बे
डॉक्टर, दाईले मोहाची दारू देत होते त्याचं काय? आमच्याकडे नवसाची पहिली धार तिचीच.

जुनी_फाइल
गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, भाऊ. त्या आंदोलनात बायाच पुढे होत्या, आणि बायांच्या बैठकीत दाईचा शब्द चालायचा. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. त्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर दिवाळीपर्यंत चालेल.

कोरकू_पट्टा
मूळ प्रश्नाकडे येतो. वैनगंगाताई, जागा मागायची तर मुंबईपेक्षा ग्रामसभेत मागा. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, तिला वर्षाला दहा हजार रुपये अबंधित निधी. बहुतेक गावांत तो ब्लिचिंग पावडर आणि चुन्यावर जातो. शिवाय तुमचं गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात) असेल तर ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट येतो, आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावांनी बांबूच्या पैशावर कितीतरी गोष्टी स्वतः ठरवून केल्या. दाईला समितीवर घ्या, तिच्या सोबतीचा मोबदला ठरवा: माहेरघरात सोबत राहिली तर इतके, नाला ओलांडून बाई पोचवली तर इतके.

निळी_पहाट
हे पटलं. फक्त दोन अटी. कामाचं नाव लिहा, 'सन्मान', 'मान' असलं काही नको. आणि पैसे खात्यात, लुगडं नको.

वैनगंगाकाठची
पेसात आमचं गाव नाही, पण समिती आहे. आरोग्यसेविका तिची सदस्य, ओळखीची आहे. येत्या ग्रामसभेत विषय घेते. कोणाकडे असा ठराव आधी झालेला असेल तर त्याचा मजकूर टाकाल का? भाषा सरकारी हवी, नाही तर ग्रामसेवक 'बसत नाही' म्हणून परत करतो.

जुनी_फाइल
मसुदा मी करून देतो, निरोप पाठवा. 'दाई' लिहू नका, 'गरोदर मातेची सोबती' लिहा. दाई लिहिलं की लगेच वरून विचारणा येते, घरी बाळंतपण करता काय म्हणून.

आमची_आशा
मसुदा मलेही पाठवजा. सासूले वाचून दाखवला हा धागा. पूर्ण ऐकला तिनं, पायाळूवर हसली. म्हणे, खात्यात पैसे टाकाल तर टाका, पण बैठकीले बोलावता तवा येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी हातात द्या. मागच्या बैठकीचं अजून यायचं हाये.